पाय टेकतो कुठे, ते आधी सांगा

पत्र: नमस्कार सर. मी आर्वी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. घरून शाळा अकरा किलोमीटर, त्यातले शेवटचे अडीच पांदणीने. दोन वर्षांपासून हायब्रिड सायकलने जाते. रविवारी ग्रुपबरोबर साठ-सत्तर किलोमीटर होतात आणि येत्या जानेवारीत २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, करायचं मनात आहे. पायात पळायचे स्पोर्ट्स शूज असतात. पस्तीस-चाळीस किलोमीटर झाले की उजव्या पायाची बोटं बधिर होतात. ग्रुपमधले म्हणतात, क्लीटचे (तळाला पायडलमध्ये अडकणारा तुकडा असलेले) बूट घेतल्याशिवाय सुटका नाही. पुण्याचा भाऊ त्याचे जुने रोड शूज देतो म्हणतो, पण ते मला एक नंबर मोठे होतात. घरचे म्हणतात, सायकलवर एवढा खर्च झाला, आता बुटांवर कशाला? दहा हजारांच्या वर जायची माझीही तयारी नाही. काय करू? आणि भावाला नाही कसं म्हणू?

ताई,

तुमच्या अख्ख्या पत्रात माझ्या कामाचं वाक्य एकच: शेवटचे अडीच किलोमीटर पांदणीने.

बूट कोणते घ्यावे हे बहुतेक जण सायकल कोणती आणि वेग किती यावरून सांगतात. मी आधी विचारतो, पाय दिवसातून किती वेळा खाली टेकतो आणि कशावर टेकतो. हायवेवर पहाटे निघून नऊला घरी येणाऱ्याचा पाय चारदा टेकला तर खूप. तुमचा शाळेत पोचेपर्यंत दहादा टेकत असेल. नाल्यापाशी उतरावं लागतं, समोरून बंडी आली की धुऱ्याला लागावं लागतं, मधेच कुणाची तरी आई "मॅडम, पोट्टं आज येत नाई" म्हणून थांबवते. आणि पाय टेकतो तो काळ्या मातीत.

म्हणून भावाच्या बुटांचा निकाल आधी लावू. घेऊ नका.

ते बूट तीन बोल्टचे असणार. तळाला प्लास्टिकची मोठी त्रिकोणी क्लीट, सोलच्या बाहेर आलेली. या घराण्याची सुरुवात १९८४ च्या सुमाराची. बर्फावर घसरायच्या पट्ट्यांना बूट अडकवायची जी कळ असते, तीच फ्रान्सच्या लूक कंपनीने पायडलवर आणली. १९८५ मध्ये फ्रान्सचा सायकलपटू बर्नार्ड इनो ते पायडल वापरून टूर द फ्रान्स जिंकला आणि जुने चामडी पट्ट्यांचे टो-क्लिप मागे पडले. त्या क्लिपा गेल्या म्हणून नव्या पायडलला क्लिपलेस म्हणतात, आणि त्यात पाय मात्र क्लिप होतो. नावाने गोंधळू नका. मुद्दा असा की ते बूट डांबरावर सायकल हाणण्यासाठी आहेत, चालण्यासाठी नाहीत. टाच खाली, चवडा वर, अशी बदकाची चाल होते. गिट्टीवर चार दिवस चाललात तर प्लास्टिक झिजून क्लीट पायडलमध्ये नीट बसेनाशी होते. पांदणीत तर पहिल्याच दिवशी त्या क्लीटचा मातीचा लाडू होईल.

शिवाय ते एक नंबर मोठे. साधा बूट मोठा असला तर जाड मोजा घालून भागतं. क्लीटच्या बुटात पाय पुढेमागे सरकला की क्लीट चवड्याच्या हाडाखाली राहतच नाही, आणि टाच दर फेऱ्याला उचलली जाते. शंभर किलोमीटरला हजारो फेरे होतात. टाचेला फोड आणि गुडघ्याला कळ, दोन्ही फुकटात मिळतील.

आता बधिर बोटं. हे तुमचं खरं दुखणं, आणि त्याला बहुधा क्लीटची गरज नाही. पळायच्या शूजचा सोल मऊ फोमचा असतो, कारण पळताना दणका झेलायचा असतो. सायकलवर दणका नसतो, सतत दाब असतो. फोम पायडलच्या कडेवर वाकतो आणि चवड्याच्या एका छोट्या पट्टीवर सगळा भार येतो. बोटांकडे जाणाऱ्या नसा चवड्याच्या हाडांच्या मधूनच जातात, त्या दाबल्या की मुंग्या. वरून ऊन. तासाभरात पाय सुजतो, सकाळी बरोबर बांधलेली लेस नऊ वाजता घट्ट झालेली असते.

येत्या दोन रविवारी एवढं करून बघा. लेस पायाच्या पुढच्या भागात सैल आणि घोट्याजवळ घट्ट बांधा. एक हलका गिअर टाकून पाय थोडे जलद फिरवा. जड गिअर दाबत जायची सवय असेल तर बोटं बधिर व्हायला दुसरं कारण शोधायला नको. सीट फार उंच असेल तर टाच सारखी वर राहते आणि भार चवड्यावर जातो, तेही पाहा. पाय पायडलवर बोटांच्या बुडाशी टेकवत असाल तर जरा पुढे सरकवून चवड्याचं हाड पायडलच्या दांड्यावर किंवा किंचित त्याच्या पुढे येऊ द्या.

उजवाच पाय का, हेही घरी तपासा. संध्याकाळी, दिवसभर उभं राहून आल्यावर, कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहा आणि कुणाला तरी पेन्सिल सरळ धरून कड आखायला सांगा. लांबी मोजा, रुंदीही मोजा. बऱ्याच जणांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो आणि आपण आयुष्यभर लहान पायाच्या मापाने बूट घेत राहतो. तो कागद जपून ठेवा, दुकानात लागेल. आणि सायकलवरून उतरून अर्धा-पाऊण तास झाला तरी मुंग्या जात नसतील, किंवा सायकल नसतानाही येत असतील, तर बुटांचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. साखर एकदा तपासून घ्या.

शाळेच्या रोजच्या रस्त्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: फ्लॅट पायडल, कडक सपाट सोलचे बूट. पायडल रुंद घ्या, वर बारीक पिना असलेलं. हजार-दोन हजारांत बरं मिळतं. तुमच्या सायकलबरोबर आलेलं प्लास्टिकचं अरुंद पायडल हेसुद्धा त्या मुंग्यांचं एक कारण असू शकतं. बुटाची परीक्षा दुकानातच होते. एका हाताने टाच, एका हाताने पंजा धरून वाकवा. पोळीसारखी घडी झाली तर ठेवून द्या. जोर लावल्यावर बोटांपाशी थोडा वाकला आणि मधे ताठ राहिला तर घ्या. खालची नक्षी खोल खाचांची नको, त्यात पिना नीट रुतत नाहीत आणि माती मात्र रुतते. घरातले साधे कॅनव्हासचे बूट? अकरा किलोमीटरला चालतील, पण त्यांचा सोल पातळ. बाभळीचा काटा आरपार येतो. मी स्वतः अंगठ्यातून काढलाय.

लेसची टोकं आत खोचायला विसरू नका, विशेषतः उजव्या पायाची. चेन त्याच बाजूला असते. सलवारीची मोहरीही तिथेच जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ग्रुपमधले म्हणतील, फ्लॅटवर पाय वर ओढता येत नाही, अर्धी ताकद वाया जाते. त्यांना चहा पाजा आणि पुढे चला. सरावलेला सायकलपटूसुद्धा साध्या वेगात मागचा पाय फारसा वर ओढत नाही, पुढच्या पायाच्या आड येऊ नये इतका हलका करतो, बस. जोर सगळा खाली दाबण्यातूनच येतो. क्लीटचा फायदा दुसरा आहे: पाय एकदा बसला की तिथेच राहतो. खड्ड्यात उडत नाही, पावसात घसरत नाही, दहाव्या तासाला थकल्यावर भलतीकडे ठेवला जात नाही. लांबच्या पल्ल्याला हे मोलाचं आहे. सत्याग्रही घाटात उभं राहून पायडल मारतानाही बरं वाटतं.

तर जानेवारी. २०० च्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे थांबे धरून ताशी पंधराचा वेग पुरतो. तिथे तुम्हाला कार्बनचा सोल नको, वेगाचा बूटही नको. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, उतरायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा, टपरीवर पोहे खायचे, पेट्रोल पंपावर बाथरूम शोधायचं आणि पुन्हा बसायचं. चालणं भरपूर. यासाठी दोन बोल्टचा बूट. जपानच्या शिमानो कंपनीने १९९० मध्ये माउंटन बाइकवाल्यांसाठी ही एसपीडी पद्धत आणली. क्लीट लहान, लोखंडी, रबरी सोलच्या खाचेत आत बसलेली, त्यामुळे माणसासारखं चालता येतं. गिट्टीवर थोडी कचकच वाजते, तेवढं सोसा. सोल नायलॉनचा, मधे ताठ आणि पुढे थोडा वाकणारा. डायल फिरवून आवळायचे महागडे प्रकार आहेत, पण तुम्हाला वेल्क्रोच्या दोन-तीन पट्ट्या पुरे. चालत्या सायकलवर एका हाताने सैल करता येतात, आणि दुपारी पाय सुजला की त्याचीच गरज पडते. जाळी मोठी असलेला बघा. जानेवारीत पहाटे बोटं गारठतील, तेव्हा मोजे दोन घाला. पण तोच बूट एप्रिल-मेच्या पंचेचाळीस अंशांतही घालायचा आहे, हे दुकानदाराला माहीत नसतं. क्लीट बसणारे सँडलही निघतात. आपल्याकडच्या उन्हाळ्याला ते सगळ्यात शहाणे, दिसायला जरा वेंधळे.

तुमच्यासारख्या दोन घरच्या पाहुण्याला एक पायडल फार सोयीचं आहे: एका बाजूला एसपीडीची कळ, दुसरी बाजू सपाट. सोमवार ते शनिवार साध्या बुटांनी सपाट बाजू, रविवारी पायडल उलटं करून क्लीट. घाईत नेमकी चुकीची बाजू वर येते, हा त्याचा दोष. वैताग येईल, पण महिनाभरात पायाला ओळख होते. बसवताना मिस्त्रीला आठवण द्या की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. बूट आणि असं पायडल मिळून दहा हजारांच्या आतबाहेर बसेल. ब्रेव्हे पक्की असेल तर वर सांगितलेलं फ्लॅटचं वेगळं पायडल घेऊ नका, थेट हेच घ्या, म्हणजे घरी एकदाच बोलणी खावी लागतील.

बूट घ्यायला नागपूर किंवा अमरावतीला स्वतः जा, संध्याकाळी जा, मोजा घालून जा. तो कागद घेऊन जा. नंबर कंपनीगणिक बदलतो, म्हणून सेंटिमीटरवर विश्वास ठेवा. बोटांपुढे अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरची जागा पुरे, पण रुंदीला बोटं पसरली पाहिजेत. टाच अजिबात उचलली जाऊ नये. दुकानात दहा मिनिटं घालून बसा, उभ्या राहा, फिरा. "वापरून सैल होईल" हे वाक्य ऐकलंत की उठा. हे बूट फारसे सैल होत नाहीत. घरबसल्या मागवायचे असतील तर परत घेण्याची अट वाचून मगच.

क्लीट बसवणं हे मन लावून करायचं काम आहे, कारण बूट चांगला आणि क्लीट वाकडी असेल तर गुडघा बोलतो. बूट पायात घालून अंगठ्याच्या मागचं आणि करंगळीच्या मागचं हाड बाहेरून बोटाने चाचपा, दोन्हींवर पेनने खूण करा. क्लीटचा मध्य त्या दोन खुणांच्या मधोमध. तुमची बोटं बधिर होतात, म्हणून तीन-चार मिलिमीटर टाचेकडे ओढा. टेबलावर बसून पाय लोंबकळू द्या: टाच आपोआप जरा आत किंवा बाहेर वळते, पायडलवरही पाय तसाच बसेल अशी क्लीट वळवा, पाय जबरदस्तीने सरळ करू नका. एसपीडीत पायाला काही अंश हलायची मोकळीक असते, बाकीचं ती सांभाळून घेते.

पायडलवर ताण कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, तीन नंबरच्या एलन-कीचा (षटकोनी टोकाच्या चावीचा). दोन्ही पायडलांवर तो सगळ्यात सैल करा. शिवाय बूट घेताना क्लीट एसएच-५६ मागा. नेहमीची एसएच-५१ फक्त टाच बाजूला फिरवल्यावर सुटते. ५६ टाच वर किंवा तिरकी ओढली तरी सुटते. शिकणाऱ्याला हीच.

आता माझी गोष्ट, कारण ती बोल्टची आहे. क्लीटचे बोल्ट चार नंबरच्या एलन-कीने आवळायचे, आटे आधी ग्रीसने पुसून, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा. ते पुन्हा मी केलं नाही. कापसाचे दिवस होते. जिनिंगसमोर गाड्यांची रांग, रस्त्यावर रुईचे पुंजके उडत होते. एका ट्रॅक्टरने अचानक ट्रॉली वळवली, मी ब्रेक दाबला, टाच बाहेर फिरवली. टाच फिरली. क्लीट नाही फिरली. दोनपैकी एक बोल्ट कुठेतरी गिट्टीवर पडला होता, त्यामुळे बूट उरलेल्या एका बोल्टभोवती गरगर फिरत होता आणि क्लीट पायडलमध्ये घट्ट. मी सायकलसकट हळूहळू डावीकडे कललो, झाड पडतं तसा, आणि रस्त्यावर आडवा. लागलं फार नाही. पण उठता येईना, कारण पाय अडकलेला. शेवटी वेल्क्रो फाडून पाय बाहेर काढला आणि एका मोज्यावर उभा राहिलो. बूट पायडललाच लटकत होता. ट्रॉलीवरच्या कापसात बसलेल्या बाबांनी खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "बूट सायकललेच ठोकून ठेवता काय जी?"

तेव्हापासून दर रविवारी निघायच्या आधी मी दोन्ही बुटांचे बोल्ट चाचपतो, आणि एक जास्तीचा बोल्ट सीटखालच्या पिशवीत ठेवतो.

सराव रस्त्यावर नको. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर, आधी भिंतीला हात टेकून उभ्या उभ्या, प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवा आणि सोडवा. मग चालवत. थांबायचं असेल तेव्हा थांबायच्या आधी दहा-पंधरा मीटर पाय सोडा, आणि जो सोडला त्याच बाजूला कला. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, म्हणून डावा सोडायची सवय लावा. मुलं बघायला जमतील. जमू द्या, पडलात तर टाळ्या मिळतील.

आणि पांदण ओली असेपर्यंत क्लीट घालूच नका. पोळा झाला तरी आपल्याकडची माती दसऱ्यापर्यंत सोडत नाही. काळी माती पायाला लागत नाही, चढते. चार पावलांत बूट दोन किलोचा. एसपीडीच्या खाचेत ती भरली की क्लीट कळीत शिरतच नाही, आणि शिरली तर सुटायला कुरकुर करते. कधी अडकलातच तर पऱ्हाटीची वाळलेली काडी मोडून घ्या, तिच्या टोकाने खाच कोरा. स्क्रूड्रायव्हरपेक्षा ती बरी, कळीला ओरखडा पडत नाही. मग दोन थेंब तेल.

ओले बूट आत जुना पेपर कोंबून सावलीत वाळवा. टिनावर वाळत घातलेत तर मे महिन्यात सोलचा डिंक सुटतो. छपरीत ठेवलेले बूट सकाळी उलटे करून आपटा, मगच पाय घाला. क्लीट असो की नसो, विंचवाला फरक पडत नाही.

राहिला भाऊ. त्याला नाही म्हणायची गरजच पडणार नाही. पुढच्या वेळी आला की त्याचे बूट घालून त्याच्यासमोर अंगणात दोन चकरा मारा, टाच उचललेली त्यालाच दिसेल. मग त्याच्याकडून एलन-कीचा संच मागून घ्या. तीन आणि चार नंबर तुम्हाला लागणारच आहेत.